आधी लॅब बघा, मग प्रवेश घ्या

नीटचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे आमच्या विभागात पालकांची रीघ लागते. पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. येणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: मेडिकलचा नंबर हुकला, आता निदान बीएस्सी तरी होऊ दे. शेजारी मुलगी मान खाली घालून उभी. मला त्या आईबापांचा राग येत नाही. दोन वर्षं क्लासच्या फिया भरून त्यांचीही दमछाक झालेली असते. पण जीवशास्त्राची पदवी म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीची भरपाई, ही समजूत मुलांचं फार नुकसान करते. ती वर्गात येतात तीच हरल्यासारखी, आणि पहिलं सत्र त्यांची मान वर करण्यात जातं.

डॉक्टर आजारी माणसाला तपासतो. आजार कोणत्या जंतूने झाला, त्यावर कोणतं औषध चालेल आणि कोणतं चालणार नाही, हे शोधण्याचं काम प्रयोगशाळेत होतं. लघवीचा ‘कल्चर’ रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी मिळतो, याचं पेशंटला नवल वाटतं. रक्तातली साखर तर तासाभरात कळते! कारण सरळ आहे: इथे जंतू वाढवावे लागतात. नमुना प्लेटवर पसरायचा, 37 अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा, रात्र जाऊ द्यायची. सकाळी ठिपक्यांसारख्या वसाहती दिसतात. त्यातली एक उचलून ओळख पटवायची. मग दुसऱ्या प्लेटवर तेच जंतू पसरून त्यावर प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि आणखी एक रात्र थांबायचं. ज्या चकतीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते औषध लागू. ते वर्तुळ पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात आणि ठरलेल्या तक्त्याशी ताडून पाहतात. आमची मुलं हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतः करतात, आणि एकदा केलं की डॉक्टरांना न विचारता प्रतिजैविकाच्या गोळ्या घेणाऱ्या घरच्यांशी त्यांची वादावादी सुरू होते. ती वादावादी मला फार मोलाची वाटते.

पहिल्या वर्षाचं खरं शिक्षण मात्र याहून साध्या प्रयोगात आहे. ग्रॅम स्टेनिंग. डेन्मार्कचे हान्स क्रिस्टियन ग्रॅम बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे तुकडे तपासत होते. त्यांनी 1884 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही जगभरच्या लॅबमध्ये रोज वापरली जाते. काचपट्टीवर जंतूंचा पातळ थर द्यायचा, आचेवरून फिरवून पक्का करायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडिन एक मिनिट, त्यानंतर अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, पातळ भिंतीच्या जंतूंचा तो अल्कोहोलने निघून जातो आणि ते सॅफ्रॅनिनने गुलाबी दिसतात. पेनिसिलिन नेमकं या भिंतीच्याच बांधणीवर घाव घालतं. म्हणून जांभळा की गुलाबी, हा प्रश्न थेट औषधाच्या निवडीपर्यंत पोचतो.

यात सगळी कसोटी अल्कोहोलची. काही सेकंदांचं काम. जास्त वेळ ओतलं तर जांभळेसुद्धा गुलाबी होतात, कमी ओतलं तर सगळेच जांभळे राहतात. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि मुलांना ती ओळ पाठही असते. तरी पहिल्या स्लाइडवर हमखास गुलाबी रान दिसतं. मग मी विचारते, हा निकाल जंतूंचा की तुमच्या हाताचा? इथे विज्ञान सुरू होतं. म्हणूनच ज्ञात जंतूंची एक जांभळी आणि एक गुलाबी स्लाइड शेजारी ठेवायची, आपली पद्धत आधी तपासायची आणि मग अनोळखी नमुन्याकडे वळायचं. बारावीपर्यंत उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. इथे नसतं, आणि काही हुशार मुलांना हे सहन होत नाही. उलट बारावीला जेमतेम साठ टक्के मिळवलेली, पण घरी शेळ्यांची बाळंतपणं पाहिलेली, हाताने स्थिर असलेली मुलगी इथे फार लवकर पुढे जाते. असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आमच्या भागाला लोणार जवळ आहे, ही या विषयाची श्रीमंती. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं, आणि तळाशी खारट, क्षारयुक्त पाणी. त्याचा पीएच साधारण 10 असतो. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊन होता, आम्ही जाऊ शकत नव्हतो, पण विद्यार्थ्यांचे फोन आणि फोटो दिवसभर येत होते. कुणी म्हणे प्रदूषण, कुणी म्हणे देवीचा कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले तेव्हा मिठात राहणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटलं, मीठ आणि उष्णता वाढली, तसे ते भरमसाट वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने सरोवर रंगलं. पावसाचं पाणी येऊन मीठ पातळ झाल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

परिस्थिती निवळल्यावर वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नमुने आणायला गेले. आल्यावर प्लेट दोन तऱ्हेच्या केल्या. एका संचात नेहमीचं पीएच 7 चं माध्यम, दुसऱ्यात सोडिअम कार्बोनेट घालून 10 पर्यंत नेलेलं. हे कार्बोनेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे 121 अंशांवर दाबाखालच्या वाफेत, वेगळं निर्जंतुक करून मग मिसळावं लागतं. पहिल्या संचात फारशी वाढ नव्हती, दुसऱ्यात मलईच्या आणि फिकट नारिंगी रंगाच्या वसाहती. एका मुलाने विचारलं, यांचा उपयोग काय? कपडे धुण्याच्या पावडरीत जी प्रथिनं पचवणारी विकरं असतात, ती अशाच क्षारप्रेमी जिवाणूंपासून मिळतात, कारण साबणाच्या पाण्यात साधी विकरं टिकत नाहीत. ते ऐकल्यावर त्या मुलाने स्वतःहून दुधाच्या माध्यमावर वसाहती वाढवून त्यातली कोणती वसाहत विकरं सोडते ते पाहिलं. अभ्यासक्रमात ते नव्हतं.

मुलींसाठी मी कमला सोहोनींचं नाव दरवर्षी घेते. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. तिने हट्ट सोडला नाही, आणि शेवटी अटी घालून का होईना, तिला घ्यावं लागलं. केंब्रिजमध्ये तिने वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं आणि 1939 मध्ये पीएचडी मिळवली. पुढे भारतात परतून नीरेतल्या पोषक घटकांवर काम केलं, कुपोषित मुलांच्या आहाराचा विचार डोळ्यांपुढे ठेवून. आमच्या वर्गात आता निम्म्याहून जास्त मुली असतात.

नोकरीचं काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं गोड उत्तर मी देत नाही. नुसत्या बीएस्सीवर औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणीत, दूध संघात, अन्न किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सुरुवात होते आणि पगार सुरुवातीला बेताचाच असतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचं तर डीएमएलटीसारखं वेगळं शिक्षण घ्यावं. पुढे शिकायचं तर आयआयटी जॅम आणि गॅट-बी या परीक्षांतून चांगल्या एमएस्सीला प्रवेश मिळतो, आणि बारावीनंतर थेट आयसरची परीक्षाही देता येते. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये छात्रवृत्ती आहे. म्हणजे पीएचडीच्या काळात घरी पैसे मागावे लागत नाहीत. आमच्याकडच्या कोरडवाहू घरांत ही गोष्ट फार मोठी.

आणि कामाला तोटा नाही. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात 1957 मध्ये माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. गोचिडांतून पसरणारा तोच माकडताप नंतर गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना गाठू लागला. असे आजार शोधायला शहाणे हात लागतात, आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत तयार व्हायला हवेत.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या लॅबमध्ये जा. ऑटोक्लेव्ह चालू आहे का, एका सूक्ष्मदर्शकावर किती मुलं बसतात, इन्क्युबेटरमध्ये प्लेट आहेत की तो रिकामा आहे, हे पाहा. तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांची जर्नल्स मागा. दोघांची निरीक्षणं शब्दाला शब्द सारखी असतील तर दुसरं कॉलेज बघा. लॅबमधल्या मामांशी बोला. तिथे खरोखर काय चालतं ते त्यांना सगळ्यांत नीट माहीत असतं. मुलीला सोबत न्या, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.