कार्यालयातील नवा दूरध्वनी : दोष कोठे शोधावा?

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाई-छपाईचे कारखाने आहेत आणि तेथे राबणाऱ्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशाच एका कारखान्याच्या कार्यालयात प्रस्तुत लेखक नोकरीस आहे. काही वर्षांपूर्वी तेथील तांब्याच्या तारेचा दूरध्वनी जाऊन इंटरनेटवरून चालणारा दूरध्वनी आला. त्याच्या खोड्या निस्तरताना जे उमगले, ते विद्यार्थी मित्रांस सांगावे असे वाटते.

या यंत्रात आपला आवाज प्रथम अंकांत रूपांतरित होतो. प्रचलित पद्धतीत सेकंदास 8000 वेळा आवाजाचे माप घेतात आणि त्या मापांचे सेकंदाला बहुधा 50 तुकडे करून ते एकामागून एक रवाना करतात. कापडाचे तागे टेंपोत भरून रिंग रोडच्या बाजारात धाडावेत, तसाच हा प्रकार. सर्व टेंपो सारख्या अंतराने पोहोचत नाहीत. म्हणून पलीकडचे यंत्र आलेले तागे क्षणभर वखारीत ठेवते व ओळीने लावते. फारच उशिरा आलेला तागा मात्र टाकून द्यावा लागतो, कारण त्याचे वाक्य तोवर पुढे गेलेले असते. पत्र उशिरा आले तरी वाचता येते; बोललेल्या शब्दाचे तसे नाही.

आमच्याकडे दुपारी तीनच्या सुमारास बोलणे तुटू लागे. प्रथम सर्वांनी यंत्रालाच दोष दिला. तीन यंत्रे बदलली, दोष जागच्या जागी! मग आम्ही कार्यालयातल्या कार्यालयात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलून पाहिले. आवाज स्वच्छ होता. म्हणजे यंत्रे व आतील तारा निर्दोष होत्या. पुढे ध्यानात आले की, व्यापाऱ्याचे बोलणे आम्हांस नीट ऐकू येते, पण आमचे त्याला तुटक पोहोचते. तेव्हा अडचण बाहेर जाणाऱ्या वाटेवरच असली पाहिजे. त्याच वेळी छपाई विभाग नक्षीकामाची मोठमोठी चित्रे बाजारात पाठवीत असे! अरुंद गल्लीत मालमोटारी शिरल्यावर टेंपोंचे काय व्हावे? वास्तविक एका संभाषणास सेकंदाला सुमारे 80 ते 90 हजार बिट एवढीच जागा पुरते. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देताच दोष नाहीसा झाला; अधिक वेगाची महाग जोडणी घेण्याचे कारणच उरले नाही.

कधी घंटी वाजते, पण उचलल्यावर एका बाजूस काहीच ऐकू येत नाही. येथेही यंत्र बिचारे निरपराध असते. बोलावणे एका वाटेने येते, आवाज दुसऱ्या वाटेने. आणि राउटररूपी द्वारपाल पहिल्यास आत सोडून दुसऱ्यास अडवितो. त्याची मांडणी तपासावी लागते.

आता हा दूरध्वनी चांगला की वाईट, हे कसे ठरवावे? आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास 150 सहस्रांश सेकंदांत पोहोचल्यास संभाषण सहज वाटते. ही मोजणी सकाळी रिकाम्या वेळी न करता ऐन गर्दीच्या वेळी करावी. परंतु आमच्या मते विजेची परीक्षा त्याहूनही महत्त्वाची. जुन्या दूरध्वनीला केंद्राकडून तांब्याच्या तारेतूनच सुमारे 48 व्होल्टचा प्रवाह मिळे. म्हणून घरातील दिवे गेले तरी तो बोलत असे. नव्याला स्वतःची वीज लागते, तशीच राउटरलाही आणि मधल्या प्रत्येक पेटीलाही.

हे आम्हांस फार उशिरा कळले. एका पावसाळी रात्री वीज गेली. कामाच्या वेळी मोबाईल फाटकावर जमा करावयाचे, असा कारखान्याचा नियम. आणि फाटकावरचा दूरध्वनी तर मुका झालेला. रात्रपाळीच्या एका कामगाराची आई दोंडाईच्यास अत्यवस्थ होती. त्याच्या घरची मंडळी दोन तास प्रयत्न करीत राहिली. निरोप मिळाला तेव्हा भुसावळकडे जाणारी गाडी सुटून गेली होती.

त्यानंतर राउटरला विद्युत्घट जोडण्यात आला. एके दिवशी आम्ही मुद्दाम मुख्य कळ बंद करून पाहिली. कार्यालयातील सर्व यंत्रे चालू राहिली, फाटकावरचे मात्र पुन्हा मुकेच! शोध करता, तिकडे जाणाऱ्या तारेची लहानशी पेटी जिन्याखाली साध्या विजेवर चालत असल्याचे आढळले. ती त्याच दिवशी घटावर घेतली आणि कळ पुन्हा एकदा बंद करून फाटकावर घंटी वाजविली.