जबड्याचं हाड पुन्हा कसं तयार होतं

दाढ काढली की आठ-पंधरा दिवसांत वरची जखम भरते आणि आपण ती विसरून जातो. हिरडीखालचं हाड मात्र तेव्हापासूनच झिजू लागतं. दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. चावताना मुळातून येणारा ताण थांबला की शरीर ते ठेवत नाही. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. कवळी वर्षागणिक सैल पडते, तीही याच झिजेमुळे.

गेलेल्या दाताच्या जागी बसवायचा इम्प्लांट हा टायटॅनियमचा स्क्रू असतो, साधारण 4 मिलिमीटर जाड आणि 10 मिलिमीटर लांब. हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशांवर प्रयोग करताना आढळलं. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. पण धरायला हाड तर हवं! स्क्रूच्या दोन्ही बाजूंना दीडेक मिलिमीटर धरलं, तर हाडाची रुंदी सहा-सात मिलिमीटर लागते. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते, तिच्यापासून 2 मिलिमीटर तरी दूर राहावं लागतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. म्हणून आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, करून हाडाची उंची-रुंदी मोजतात. हाड कमी भरलं, तर बोन ग्राफ्टचा, म्हणजे तिथे हाड वाढवण्यासाठी कण भरण्याचा, विषय निघतो.

‘हाडाची पावडर भरू,’ असं डॉक्टर सांगतात आणि पेशंटला वाटतं, खड्डा बुजला, काम झालं. खरं काम इथे सुरू होतं. ग्राफ्टचे कण वेलीच्या मांडवासारखे असतात, वेल शरीरानेच वाढवायची असते. सर्जन मूळ हाडाला बारीक छिद्रं पाडून मुद्दाम रक्त येऊ देतात. ते रक्त कणांमध्ये गोठतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्यामागून हाड घडवणाऱ्या पेशी येतात. कण हळूहळू विरघळतात, त्यांच्या जागी नवं हाड बसतं. गाईच्या हाडापासून केलेले कण मात्र फार सावकाश विरतात, काही तर वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यामुळेच आकार टिकतो.

यात एक शर्यत असते. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने वाढतात. मोकळं सोडलं तर त्या आधी आत शिरून जागा बळकावतील. म्हणून ग्राफ्टवर पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, अंथरतात आणि वरून हिरडी ताण न देता शिवतात. माझ्या मते सर्जनचं कसब या शिवण्यात दिसतं. टाका उसवून ग्राफ्ट उघडा पडला, तर जंतुसंसर्ग होऊन सगळं वाया जाऊ शकतं.

वरच्या दाढेसाठी सायनस लिफ्ट करतात. बाजूच्या हाडात छोटी खिडकी पाडून, सायनसचं नाजूक अस्तर न फाडता वर उचलतात आणि खालच्या जागेत ग्राफ्ट भरतात. त्यानंतर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. आतला दाब वाढला तर अस्तर फाटू शकतं.

नवं हाड तयार व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात, सायनसमध्ये कधी नऊसुद्धा. मूळ हाड स्क्रू धरण्याइतकं असेल, तर इम्प्लांट ग्राफ्टच्याच बैठकीत बसतो.

आपल्याकडे या कामाचा मोठा शत्रू तंबाखू आहे. बिडी-सिगारेट तर आहेच, पण हिरडीवर रोज मिश्री घासणाऱ्या बायकांना हे कुणी सांगतच नाही. मधुमेह आटोक्यात नसेल, तरी जखम रेंगाळते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक अॅसिडसारखी इंजेक्शनं घेतली असतील, तर ते आधीच सांगा. अशा औषधांनंतर जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो.

ग्राफ्ट कशापासून बनलाय, हे विचारायला संकोचू नका. तो गाईचा असतो, डुकराचा असतो, माणसाचा असतो किंवा कृत्रिमही असतो. श्रद्धेच्या कारणाने एखादा नको असेल, तर दुसरा मिळतो. आखूड इम्प्लांटवर भागेल का, हेही विचारा. भागत असेल तर ग्राफ्टचा खर्च आणि त्रास दोन्ही वाचतात.

आणि दाढ अजून काढायची असेल, तर काढण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला. त्याच दिवशी खड्ड्यात ग्राफ्ट भरला, तर पुढची झीज बरीच कमी होते.