कुत्र्याचे शुद्धिहरण आणि श्वासमार्गाची राखण

हैदराबाद येथे १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मचा विचार करण्यासाठी निजामाच्या आश्रयाने दोन आयोग बसले. शस्त्रवैद्य एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक होत. शेकडो प्राण्यांवर, विशेषतः कुत्र्यांवर, प्रयोग करून त्यांनी असे प्रतिपादिले की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वसन थांबते व हृदय मागाहून. सबब भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासाकडे पाहावे. हा सिद्धांत संपूर्णपणे टिकला नाही. हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्म हृदय एकाएकी बंद पाडू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवर दाखविले. तथापि श्वासावर अखंड लक्ष ठेवावे हा उपदेश कुत्र्याच्या बाबतीत तरी कालबाह्य झालेला नाही.

मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणास २००१ च्या व पुढे २०२३ च्या केंद्रीय नियमांनी चालना दिली. या कामी झायलाझिन व केटामाइन टोचून भूल देण्याचा प्रघात आहे. वायू हुंगवावयाचा नसल्याने श्वासनलिकेत नळी घालण्याचे टाळले जाते, आणि केटामाइनखाली गिळण्याची क्रिया शाबूत राहते असे समर्थन केले जाते. हे समर्थन फसवे आहे. ती क्रिया दिसते खरी, पण श्वासमार्गाचे रक्षण करण्याइतकी ती विश्वसनीय नसते. शिवाय झायलाझिनने कुत्र्यास वांती होते व अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची पकड सैल पडते. पोटातील आंबट द्रव घशात येण्याची सोय करावयाची आणि फुप्फुसाचे दार मात्र उघडे ठेवावयाचे, असा हा प्रकार होय.

वास्तविक नळी घालणे कठीण नाही. कुंभारी येथे माणसांच्या वैद्यकाचे महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यास नवल वाटेल इतके कुत्र्याचे स्वरयंत्र सहज दृष्टीस पडते. कुत्रा छातीवर बसता ठेवून साहाय्यकाने वरचा जबडा उचलावा व जीभ पुढे ओढावी, म्हणजे ते समोर येते. खरी चूक लांबीत होते. नळी नाकाच्या शेंड्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत बाहेरूनच मापून घ्यावी. अधिक आत गेल्यास ती एकाच फुप्फुसाच्या शाखेत शिरते. कुंभारीपासून विजापूर-मुधोळपर्यंतच्या पट्ट्यात आढळणाऱ्या कारवानी कुत्र्याचा जबडा लांब असल्याने केवळ वजनावरून केलेला अंदाज तेथे चुकतो. शिवाय त्याच बांध्याच्या ग्रेहाउंडास थायोपेंटोननंतर शुद्धीवर येण्यास विलंब लागतो, हे सिद्ध आहे. कारवानीतही तीच सावधगिरी बाळगणे शहाणपणाचे.

नळी योग्य जागी आहे की नाही, याची उत्तम साक्ष उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र देते. ते नसेल तेथे मान चाचपावी. एकच टणक नळ लागला तर ठीक; दोन लागले तर नळी अन्ननलिकेत आहे. नळीच्या तोंडाशी धरलेला कापसाचा धागा श्वासागणिक हलला पाहिजे. फुगा गळती थांबेपर्यंतच फुगवावा. अधिक दाबाने श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. कुत्रा कुशीवर वळविताना नळी यंत्रापासून सोडवून घ्यावी.

शस्त्रक्रिया संपली की लक्ष ढळते, आणि धोका तेथेच अधिक असतो. ब्रॉडबेल्ट व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्र्यांची नोंद केली. शुद्धिहरणाशी निगडित मृत्यू दहा हजारी सुमारे १७ होते. त्यांपैकी जवळजवळ निम्मे शस्त्रक्रियेनंतरचे, आणि या नंतरच्या मृत्यूंपैकी निम्मे पहिल्या तीन तासांतले. नळी कुत्रा आपण होऊन गिळू लागल्यावरच काढावी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यास भुलेपूर्वी तीन ते पाच मिनिटे प्राणवायू द्यावा व नळी तो डोके उचलीपर्यंत तशीच ठेवावी.

सोलापूरच्या चैत्र-वैशाखात आणखी एक गोष्ट येते. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. तेव्हा अर्धवट शुद्धीतील कुत्र्याचा श्वासमार्ग जिभेने वा लाळेने अडला, तर प्राणवायूबरोबर उष्णतेची वाटही अडते. अशा कुत्र्यास पत्र्याच्या छपराखालील पिंजऱ्यात कोंडून ठेवू नये. सावलीत, मान सरळ व जीभ बाहेर काढून, कुशीवर निजवावे आणि जवळ एक माणूस बसता ठेवावा.