नागपूरहून कातामार्काला

जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने इशारा दिला, की ऑगस्टमध्ये चेतक या विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. मागणी होती, कामगार होते. अडले होते ते मोटरमधल्या चुंबकांवाचून. बदलापूरच्या बेलवलीतून स्टेशन गाठायला कुणी अशी स्कूटर घेणार असेल, तर तिचा मुहूर्त बीजिंगमधल्या परवान्यावर अवलंबून होता.

मोटर तापली तरी चुंबकाचे बळ टिकावे म्हणून त्यात डिस्प्रोसियम, टर्बियम ही दुर्मीळ मूलद्रव्ये घालतात. अमेरिकेने आयातशुल्क वाढवताच चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. वार अमेरिकेवर होता, पण झळ आकुर्डी-चाकणपर्यंत पोहोचली.

नाव दुर्मीळ असले तरी ही द्रव्ये जमिनीत तितकीशी दुर्मीळ नाहीत. आपल्याच केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनारी वाळूत यांतली काही आहेत, आणि ती वाळू उपसणाऱ्या सरकारी ‘आयआरईएल’चे मुख्यालय मुंबईत आहे. खरी मक्तेदारी शुद्धीकरणात आहे. जगातल्या दुर्मीळ मूलद्रव्यांपैकी सुमारे ९० टक्के चीनमध्ये शुद्ध होतात.

बॅटरीच्या खनिजांचीही तीच गत. जगातला सत्तर टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो. तिथल्या तेंके फुंगुरुमे या प्रचंड खाणीतला आपला हिस्सा २०१६ मध्ये अमेरिकी कंपनीने २६५ कोटी डॉलरना चिनी कंपनीला विकून टाकला. आता अमेरिका आणि युरोपीय संघ त्याच पट्ट्यातून अंगोलाच्या लोबितो बंदरापर्यंत जाणाऱ्या रेल्वेमार्गासाठी पैसा ओतत आहेत.

भारताने या शर्यतीत पाऊल टाकले ते २०१९ मध्ये ‘काबिल’, म्हणजे खनिज बिदेश इंडिया लिमिटेड, ही कंपनी काढून. तिच्या तीन सरकारी भागीदारांपैकी एक नागपूरची ‘एमईसीएल’. खनिजांसाठी जमिनीत छिद्रे पाडून पाहणे हेच तिचे काम. १५ जानेवारी २०२४ रोजी काबिलने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांताच्या सरकारी कंपनीशी करार केला. लिथियमच्या शोधासाठी पाच गट, एकूण १५,७०३ हेक्टर. प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे २०० कोटी रुपये.

कातामार्कात आपण उशिरा पोहोचलो. ओम्ब्रे मुएर्तो या खारपट्टीत अमेरिकी कंपनी नव्वदच्या दशकापासून लिथियम काढत होती. २०२५ मध्ये तो प्रकल्प रिओ टिंटोच्या हाती गेला. त्याच प्रांतातला त्रेस केब्रादास हा प्रकल्प चीनच्या झिजिन कंपनीने २०२२ मध्ये घेतला. या प्रांतात लिथियम मिळते जमिनीखालच्या खारट पाण्यातून. ते उपसून मोठमोठ्या तळ्यांत उन्हात आटवतात. शिवाय कारखान्याला गोडे पाणी लागते, तेही मुळातच कोरड्या मुलखात. मार्च २०२४ मध्ये कातामार्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ओम्ब्रे मुएर्तोजवळच्या लोस पातोस नदीच्या परिसरात नवे परवाने देण्यास मनाई केली, ती तिथल्या मूळनिवासींच्या तक्रारीवरूनच.

ज्यांच्या भूमीत ही संपत्ती आहे, ते देशही आता घासाघीस शिकले आहेत. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, आणि चिनी कंपन्यांनी तिथेच भट्ट्या उभारल्या. झिम्बाब्वेने २०२२ मध्ये कच्च्या लिथियमची वाट अडवली. काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यातच थांबवली, नंतर कोटा ठरवून दिला. पण इंडोनेशियाला रोजगार मिळाला तसे कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचे प्रदूषणही मिळाले.

काबिलचे कातामार्कातले काम शोधाचे आहे. शोधापासून खाणीपर्यंत अनेक वर्षे जातात. खनिज हाती आले तरी ते शुद्ध करणारे कारखाने देशात नसतील, तर परदेशातली खाण आपली असूनही माल चीनच्याच दारातून यावा लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, ती वर्षाला ६,००० टनांच्या क्षमतेसाठी. नव्या खाणींच्या घोषणांपेक्षा शुद्धीकरणाचे आणि चुंबकांचे हे कारखाने कधी उभे राहतात, यावर नजर ठेवणे अधिक गरजेचे आहे.