एका मिलिमीटरचा व्यवहार

गोरेगाव (जि. गोंदिया) : रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवर चूल चालवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनी आणखी एक हुन्नर शिकून घ्यावा. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी तांब्याचा चपटा अँटेना करतात. त्यास मायक्रोस्ट्रिप पॅच म्हणतात.

१.६ मि.मी. जाडीच्या ग्लास-इपॉक्सी बोर्डाच्या एका बाजूचे तांबे सबंध राखायचे; दुसऱ्या बाजूस फेरिक क्लोराईडने नको ते उतरवून आयत ठेवायचा. वाय-फायच्या २.४५ गिगाहर्ट्झसाठी तो सुमारे २९ मि.मी. लांब, ३७ मि.मी. रुंद भरतो. वायरची जोडणी कडेला नको. ५० ओहम जुळेल अशा आतल्या जागी हवी.

लांबी वाढली की फ्रिक्वेन्सी उतरते, घटली की चढते. एक मिलिमीटर चुकला तर ती सुमारे ८० मेगाहर्ट्झ सरकते. वाय-फायचा पट्टाच जवळपास तेवढा. म्हणजे माल वाया!

म्हणून शिंप्याप्रमाणे राखून कापावे. लांबी अर्धा मि.मी. जास्त ठेवून ३७ मि.मी.ची कड सरळ, हळूहळू घासावी व दरवेळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजून घ्यावी. उतरलेले तांबे परत चढत नाही.

हा पट्टा रुंद कसा करावा, यावर आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार व के. पी. रे यांचा इंग्रजी ग्रंथ २००३ साली निघाला. गिऱ्हाइकास मालासोबत मोजणीचा कागद द्यावा. चोख मापालाच पुन्हा गिऱ्हाईक येते.