गाडीचा अलार्म आणि शेजाऱ्यांची झोप

आपल्या मोहल्ल्यांतल्या गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना लागून. पूर्वी दारात सायकल किंवा स्कूटर असे, आता चारचाकी आली. कर्ज काढून, आखातातल्या कमाईतून किंवा टॅक्सीच्या धंद्यासाठी घेतलेली गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक अलार्म बसवून घेतात. यात गैर काहीच नाही. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला हदीसमधूनच मिळाली आहे.

पण चोर नसताना हाच अलार्म मध्यरात्री वाजू लागला तर? शेजारच्या घरात तान्हे बाळ असते, दम्याने बेजार झालेल्या दादीला नुकताच डोळा लागलेला असतो. रमजानमध्ये तरावीहनंतर झोपून सहरीला उठणाऱ्यांच्या वाट्याला झोपेचे मोजकेच तास येतात. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याचा ईमान पूर्ण नाही, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. कायद्याचेही म्हणणे वेगळे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. अलार्मचा भोंगा जवळून १०० डेसिबलच्या पुढे जातो.

दुसरे नुकसान खुद्द मालकाचे आहे. रोज उगाच वाजणाऱ्या अलार्मकडे कोणी लक्ष देत नाही. खरा चोर येईल त्या रात्रीही गल्ली कूस बदलून झोपेल. म्हणून हा बिघाड शोधून काढणे गाडीच्या सुरक्षेसाठीही गरजेचे आहे. त्यातले बरेचसे काम घरच्या घरी होते.

अलार्मला कळते कसे?

अलार्मचा मुख्य डबा डॅशबोर्डखाली असतो. त्याला तीन-चार ठिकाणांहून खबर मिळते. प्रत्येक दाराला आणि डिकीला एक बटण किंवा स्विच असतो. दार उघडले की तो सुटतो. बॉनेटखालीही बहुधा तसाच स्विच असतो. गाडीला धक्का बसला हे ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो. काही गाड्यांत काचेच्या आतली हालचाल टिपणारा सेन्सरही असतो. यांपैकी एकाने जरी चुकीची खबर दिली तरी भोंगा वाजतो. मग आपले काम एवढेच उरते, की खोटी खबर देणारा कोण ते शोधायचे.

आधी नोंद, मग हात

आमचा पहिला सल्ला असा, की एक वही घ्या आणि अलार्म वाजला की वेळ लिहा. त्या वेळी पाऊस होता का, वारा होता का, जवळून ट्रक गेला का, वरातीचे फटाके वाजत होते का, तेही लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की दिशा कळते. फटाके, ट्रक, बॉनेटवर उडी मारणारे मांजर अशा वेळी वाजत असेल तर संशय धक्क्याच्या सेन्सरवर. पावसात किंवा पहाटेच्या दवात वाजत असेल तर ओलसर झालेल्या स्विचवर किंवा वायरीच्या जोडावर. गाडी बंद करून काही मिनिटांत वाजत असेल तर रेडिएटरचा पंखा पाहा. व्होल्टेज अचानक उतरले की वाजणारे काही जुने अलार्म इंजिन बंद झाल्यावर फिरणाऱ्या पंख्यानेही फसतात.

काही अलार्म शेवटी कशामुळे वाजले ते डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या लुकलुकण्यातून सांगतात. किती लुकलुकी म्हणजे काय, ते गाडीसोबत किंवा अलार्मसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. ती पुस्तिका आधी शोधा.

दारे आणि बॉनेट

आतल्या छताच्या दिव्याचे बटण दारावर चालणाऱ्या खुणेवर ठेवा. मग एकेक दार उघडून आणि लावून पाहा. सगळी दारे लावूनही दिवा विझत नसेल किंवा दार हलवल्यावर लुकलुकत असेल, तर त्या दाराचा स्विच खराब आहे. पुष्कळ गाड्यांत दिवा हळूहळू विझतो, म्हणून थोडा वेळ थांबा. डिकीचे दारही विसरू नका. सामान ठासून भरले की ते अर्धवट लागते.

बॉनेटखालचा स्विच सर्वांत जास्त सोसतो. धूळ, इंजिनाची उष्णता आणि पावसाचे पाणी त्याच्याच वाट्याला येते. कोकणच्या खाऱ्या हवेत त्याला गंज लवकर चढतो. तो दाबून पाहा. अडकत असेल, नीट वर येत नसेल किंवा बॉनेट लावल्यावर पुरता दाबला जात नसेल, तर साफ करा किंवा बदला. खात्रीसाठी एक युक्ती आहे. बाहेरून बसवलेल्या बहुतेक अलार्ममध्ये या स्विचची वायर काढून तिचे टोक टेपने गुंडाळले की डबा बॉनेट बंद आहे असे समजतो. दोन-तीन रात्री तसे ठेवा. अलार्म शांत राहिला तर चोर सापडला. कंपनीकडूनच आलेल्या अलार्मवर मात्र हा प्रयोग करू नका.

धक्क्याचा सेन्सर

बाजारातून बसवलेल्या अलार्मच्या सेन्सरवर एक छोटा स्क्रू किंवा चकती असते. तिच्याने संवेदना कमी-जास्त होते. बसवणारे अनेकदा ती पार चढवून ठेवतात. ती थोडी उतरवा, गाडी लॉक करा, मिनिटभर थांबा आणि काचेच्या शेजारच्या खांबावर तळहाताने थाप मारा. हलक्या थापेला गप्प आणि जोरदार थापेला आवाज, इतपत ठेवा. सेन्सर पक्का बसवलेला आहे ना, तेही पाहा. नुसत्या टेपने लटकवलेला सेन्सर स्वतःच हलतो आणि स्वतःच ओरडतो.

आतली हालचाल टिपणारा सेन्सर असेल तर काच इंचभरही उघडी ठेवू नका. आरशाला टांगलेली तसबीह किंवा अत्तराची कुपी वाऱ्याने हलली तरी तो जागा होतो.

बॅटरी

घरातला कमावता माणूस आखातात आणि गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी, हे आपल्याकडे नेहमीचे. गाडी बंद असली तरी अलार्म आणि घड्याळ थोडा वीजप्रवाह खातात. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने महिन्याभरात जवळपास रिकामी होते. उतरलेल्या बॅटरीवर अलार्म भरकटतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. त्याखाली गेली तर चार्ज करून घ्या, आणि तरीही टिकत नसेल तर बदला. बॅटरीची टोके सैल किंवा पांढरी पडली असतील तर तीही साफ करा. रिमोटचा सेलही वेळेवर बदला, नाहीतर अलार्म वाजत असतो आणि रिमोट ऐकत नाही.

पावसाळा आणि उंदीर

पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत इंजिनाजवळ येतात आणि वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून कुरतडलेले प्लास्टिक, लेंड्या, गवत दिसते का ते पाहा. उघडी पडलेली तांब्याची तार पत्र्याला लागली की अलार्मला वाटते दार उघडले. अशी वायर टेप लावून सोडू नका, ती बदलून घ्या.

मेकॅनिककडे जाताना

वरील तपासणीत एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन रात्री वाट पाहा. सगळे एकदम केले तर दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही. इतके करूनही वाजत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि वही सोबत न्या. डॅशबोर्डखालचे जोड पिळून टेप मारलेले असतील तर ते डाख देऊन पक्के करायला सांगा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र स्वतः हात लावू नका.

तोवर शेजाऱ्यांसाठी

दुरुस्ती होईपर्यंत रात्री गाडी रिमोटऐवजी चावीने लॉक करून पाहा. पुष्कळ गाड्यांत त्यामुळे अलार्म चालूच होत नाही. गाडी नेमकी काय करते ते दिवसाच तपासा. काचेवर आतून मोबाइल नंबरची चिठ्ठी लावा. जुमाला मशिदीबाहेर गाडी लावताना तर हे हवेच, म्हणजे खुतबा चालू असताना मालक कोण याची शोधाशोध होणार नाही. लागून असलेल्या दोन-चार घरांना स्वतः जाऊन सांगा, की बिघाड आहे आणि काम चालू आहे. एवढ्या दोन शब्दांनी भांडण टळते.

आणि अलार्म बंद कसा करायचा, हे अम्मीपासून मोठ्या मुलांपर्यंत घरातल्या सर्वांना शिकवा. दुसरा रिमोट ठरलेल्या खिळ्याला टांगून ठेवा. गाडीचा मालक दूर असला तरी भोंगा अर्ध्या मिनिटात थांबला पाहिजे.