एक घर, किती चुली?

मुलांनो, एकाच दुकानाची चार पत्रे एकाच दिवशी तुमच्या घरी कधी आली आहेत का? एक बाबांच्या नावाचे, एक आईच्या, एक काकांच्या आणि एक आजीच्या. चारही पत्रांत मजकूर तोच : तांदळाच्या पिशवीवर सूट!

असे का होते? मोठ्या दुकानाचे सभासदकार्ड घेताना आपण नाव, पत्ता आणि टेलिफोन लिहून देतो. संगणकात प्रत्येक माणसाची वेगळी नोंद होते. संगणकाला ही चार अनोळखी माणसे वाटतात. ती एका छपराखाली राहतात, हे त्याला कोण सांगणार? म्हणून एका कुटुंबाच्या नोंदी एका गटात बांधतात. मग पत्र एकच जाते. शिवाय ह्या घरी पाच माणसे जेवतात, तेव्हा येथे मोठी पिशवी खपेल, हेही दुकानदाराला कळते.

गट करताना आधी पत्ता पाहतात. सोपे वाटते ना? पण आपल्या मॉरिशसमध्ये 'रॉयल रोड' किती गावांत आहे, आठवून पाहा! गावाचे नाव लिहिले नाही, तर पत्ता असून नसल्यासारखाच. मग आडनाव जुळवतात. तेही फसवते. 'रामजी' हे नाव रोमन लिपीत कोणी शेवटी 'आय' लावून लिहितो, कोणी दोन 'ई' लावून. माणूस हसून सोडून देतो. संगणकाला मात्र ती दोन आडनावे वाटतात. उलट, एका गल्लीत एकाच आडनावाची अनेक घरे असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणून शहाणा दुकानदार एका खुणेवर विसंबत नाही. पत्ता, आडनाव, घरचा टेलिफोन, सारे पडताळून पाहतो.

खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत खाली आईवडील राहतात आणि वरच्या मजल्यावर मुलाचा संसार असतो. पत्ता एक, आडनाव एक. मग कुटुंब एक की दोन?

आपल्या मराठीत ह्याचे उत्तर फार जुने आहे. भाऊ वेगळे झाले, की 'त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या' असे आपण म्हणतो. भिंत एक असो वा दोन, चूल मोजायची! गंमत पाहा, फ्रेंच भाषेत कुटुंबाला 'फ्वाये' म्हणतात आणि ह्याच शब्दाचा अर्थ शेगडी किंवा चूल असाही होतो.

जनगणनेतही जवळजवळ हीच कसोटी लावतात. आपल्या देशात २०११ नंतरची जनगणना २०२२ साली झाली. जे एकत्र राहतात आणि ज्यांच्या जेवणाखाण्याची सोय एकत्र असते, ते एक कुटुंब. त्यांचे नाते असलेच पाहिजे, असे नाही. तुमच्यात जेवणारा भाडेकरूही तुमच्या कुटुंबात मोजला जाईल. वरच्या मजल्यावर वेगळे शिजवून खाणारे सख्खे काका मात्र नाहीत.

दुकानाने चूक केली, तर एखादे पत्र कमी येईल, एवढेच. पण गरिबांना मदत देण्यासाठी सरकारची 'सोशल रजिस्टर' नावाची नोंदवही आहे. तिच्यात एकेका माणसाची नव्हे, साऱ्या कुटुंबाची परिस्थिती पाहतात. समजा, खालच्या खोलीत एक आजी एकटीच रांधून खाते. तिला वरच्या नोकरदार मुलाच्या कुटुंबात धरले, तर मुलाचा पगार तिच्या मिळकतीत मोजला जाईल. तिच्या ताटात त्यातले काही येते की नाही, हे कागदावर दिसत नाही. म्हणून मोजणाऱ्याने आत येऊन चूल पाहावी, हेच बरे.

दुकानाला मात्र तुमच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचा हक्क नाही. २०१७ च्या माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे, माझी माहिती जाहिरातीसाठी वापरू नका, असे कोणीही दुकानाला कळवू शकतो. मग त्याला ते ऐकावेच लागते.